मंगळवारचा वर्ग

लंडनच्या हाउन्सलो भागातल्या आमच्या मराठी मंडळात कुणीतरी नवीन माणूस येतो आणि चहाचा कप हातात आला की मला विचारतो, "ताई, तुम्ही रिटायर होण्याआधी काय करत होता?" डॉक्टर, आयटी, एअरपोर्ट, अकाउंट्स ही उत्तरं सगळ्यांना चालतात. मी म्हणते, "ज्या देशांत लोकशाही नाही तिथे ती यावी म्हणून काम करत होते." समोरचा आधी हसतो, मग जरासा मागे सरकतो. पुण्याहून लेकाकडे आलेल्या एका काकांनी तर सरळ विचारलं होतं, "म्हणजे सरकारं पाडायचात का हो तुम्ही?"

"नाही हो काका. मतं कशी मोजायची तेवढं शिकवायचे."

काकांना ते पटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं.

मी मूळची नागपूरची, शाळेतली शिक्षिका. आपल्याकडे शिक्षकाला निवडणुकीची ड्यूटी चुकत नाही. मी ती इतक्या वेळा केली की गावोगावच्या शाळांचे व्हरांडे मला त्या ड्यूटीमुळेच माहीत झाले. आमच्या घरात बुद्धमूर्तीशेजारी भारताच्या घटनेची प्रत असे आणि मतदानाच्या दिवशी वडील धुतलेला पांढरा शर्ट घालून जात. त्यामुळे बाकीच्या शिक्षिका कुरकुरत तेव्हा मला मनातून ती ड्यूटी आवडायची. पुढे आमच्या डॉक्टरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात भूल देण्याच्या विभागात नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. काही वर्षं मी इथल्या शाळांत काम केलं. मग लंडनमधल्या एका संस्थेला मतदान केंद्रावर प्रत्यक्ष काम केलेलं माणूस हवं होतं, आणि मी साउथहॅम्प्टनहून बेसिंगस्टोकमार्गे लंडनच्या वॉटर्लू स्टेशनला जाणारी सकाळची ट्रेन धरायला लागले. ती पुढे माझी निम्मी जिंदगी झाली.

या धंद्याची माहिती नसणाऱ्यांसाठी थोडं सांगते. जगात असे बरेच देश आहेत जिथे निवडणूक होते, पेट्या असतात, शाई असते, रांगाही असतात. फक्त निकाल आधीच ठरलेला असतो. बाहेरची श्रीमंत लोकशाही सरकारं अशा देशांतल्या लोकांना हात देऊ बघतात. कधी वर्तमानपत्राला, कधी वकिलांना, कधी विरोधी पक्षांना. हे काम सरकार स्वतःच्या नावाने करत नाही, आमच्यासारख्या संस्थांमार्फत करतं. माझा भाग होता स्थानिक निरीक्षक तयार करण्याचा. अशा बऱ्याच देशांत मतदान संपलं की केंद्रावरच मोजणी होते आणि तिथला निकाल दारावर चिकटवावा लागतो. आमची माणसं निवडक केंद्रांवर जाऊन त्याचा फोटो काढायची, सगळ्या आकड्यांची बेरीज करायची आणि देशाचा निकाल साधारण काय असायला हवा ते सरकारी घोषणेआधी सांगायची. हे इतकं साधं आहे की बेईमान सरकारला त्याची भीती वाटते.

यात ढोंगही पुष्कळ होतं. आम्हाला निधी देणाऱ्या सरकारचंच दुसरं खातं त्याच हुकूमशहाला काय काय विकत असायचं. एकदा एका परदेशी वकिलाने वर्गात उभं राहून मला विचारलं होतं, "मॅडम, या इंग्रजांनी तुमच्या आजोबांना मताचा हक्क दिला होता का?" वर्ग हसला. मीही हसले. उत्तर त्याला माहीत होतं आणि मलाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. त्या देशाचं नाव लिहिणार नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत.

लीना हे तिचं खरं नाव नाही, आम्ही दिलेलं. ती दातांची डॉक्टर होती, तिशी ओलांडलेली. तिच्या देशाच्या शेजारच्या देशात एका हॉटेलात आमचं शिबिर होतं, तिथे ती पहिल्यांदा भेटली. वाक्य पूर्ण व्हायच्या आतच तिला स्वतःच्याच बोलण्याचं हसू यायचं. चुकीच्या जागी हसते म्हणून बाकीचे तिच्यावर वैतागायचे. मला सोडून सगळ्यांना ती नावाने हाक मारायची. मला म्हणायची "टीचर".

"टीचर, माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस तोंड उघडतो," ती एकदा म्हणाली, "पण बोलत कुणीच नाही," आणि मोठ्याने हसली.

परत गेल्यावर तिने आपल्या शहरात माणसं गोळा केली. शिक्षक, फार्मसीवाले, एक बस ड्रायव्हर, कॉलेजच्या मुली. ती मला व्हॉइस मेसेज पाठवायची आणि त्यातही ते अर्धवट हसू असायचं. निवडणूक झाली. त्यांनी फोटो काढले, बेरीज केली, आणि ती सरकारी निकालाशी अजिबात जुळली नाही. त्यांनी ती जाहीर केली. आमच्या लंडनच्या ऑफिसात त्या दिवशी लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. माझा प्रमुख ॲलन, पूर्वी परराष्ट्र खात्यात काम केलेला, कधीही आवाज न चढवणारा इंग्रज माणूस, तोसुद्धा खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होता.

त्यानंतर लीनाकडून काहीच आलं नाही. आठवडे गेले. आमचे मेसेज पोचत होते, पण वाचले जात नव्हते.

मग एक दिवस तिचा मेसेज आला. लिहिलेला. ती नातेवाइकांकडे लपली होती, फोन हरवला होता, आता ठीक आहे. जुना गट फुटलाय, पण वेगवेगळ्या शहरांतली नवी, धीट माणसं मिळाली आहेत, त्यांच्यासाठी ऑनलाइन वर्ग घ्याल का? शेवटी तिने लिहिलं होतं, "हा हा." मला इतका आनंद झाला की तिने हसू याआधी कधीही अक्षरांत लिहिलं नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ॲलनही खूश झाला. दर मंगळवारी दुपारी वर्ग ठरला. मी साउथहॅम्प्टनच्या घरी डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून बसायचे. स्क्रीनवर लीना दिसायची, थोडी वाळलेली, मागे पांढरी भिंत. बाकी सगळ्यांच्या चौकटी काळ्या. कॅमेरा बंद ठेवायचा, खोटं नाव घ्यायचं, बोलायचं नसेल तेव्हा माईक बंद ठेवायचा, हे सुरक्षेचे नियम आम्हीच शिकवले होते. नवी माणसं ते काटेकोर पाळत होती. मला त्यांचं कौतुक वाटायचं.

विद्यार्थी फार चांगले होते. वेळेवर यायचे, गृहपाठ करायचे, शंका नेमक्या विचारायचे. माझ्या आयुष्यात इतका शिस्तीचा वर्ग मला मिळाला नव्हता. लीना मात्र बदलली होती. प्रश्न खूप विचारायची, कधी कधी आधी विचारलेलाच पुन्हा. तास संपत आला की हमखास तिचा हात वर. एका मंगळवारी आमचे डॉक्टर सुट्टीवर होते. स्वयंपाकघरात चहा करता करता त्यांनी तिचं बोलणं ऐकलं. वर्ग संपल्यावर म्हणाले, "ही बाई वाचून दाखवत होती का गं?"

"नाही. का?"

"श्वास चुकीच्या जागी घेते. बोलणारा माणूस अर्थ संपला की श्वास घेतो. ही ओळ संपली की घेते."

मी म्हटलं, परक्या भाषेत बोलते बिचारी. पण त्यांचं ते वाक्य माझ्या मागे लागलं. पुढच्या मंगळवारी मी शिकवत कमी होते आणि ऐकत जास्त होते.

त्या दिवशी लख्ख ऊन होतं. स्वयंपाकघरात वॉशिंग मशीन घरघरत होतं. मी वर्गाला म्हटलं, सगळ्यांनी माईक चालू करा, मी विधानं वाचते, तुम्ही चूक की बरोबर ते एका सुरात सांगा. ज्यांनी ऑनलाइन मीटिंगा केल्या आहेत त्यांना माहीत असेल, बोलणाऱ्याच्या चौकटीभोवती प्रकाशाची रेघ उमटते. मी पहिलं विधान वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी शिंकलं.

एकच शिंक. आणि स्क्रीनवरच्या सगळ्या चौकटी एकदम उजळल्या.

सगळ्या. किनाऱ्यावरच्या शहरातला सामी, डोंगरातल्या गावची शिक्षिका, राजधानीतला विद्यार्थी, आणि लीना. क्षणभर उजळल्या आणि विझल्या. लीना कॅमेऱ्यात पाहत होती. तिची पापणी हलली नाही.

इथे इतकी वर्षं राहिल्यावर काही गोष्टी तोंडातून आपोआप निघतात. मी म्हटलं, "ब्लेस यू."

एक पुरुषाचा आवाज आला, "थँक यू, टीचर." आणि पुन्हा सगळ्या चौकटी उजळल्या.

ती माणसं वेगवेगळ्या शहरांत नव्हतीच. एका खोलीत बसली होती, लीनाच्या समोर, लीनाच्या मागे, बाजूला. मी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला आणि पहिलं विधान वाचलं. ते एका सुरात म्हणाले, "बरोबर." उरलेला तास मी कसा काढला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की वर्ग संपल्यावर मी लॅपटॉप मिटला, त्यावर किचनचा टॉवेल टाकला आणि घराच्या सगळ्या खोल्यांतून फिरून आले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ॲलन आणि आमची सुरक्षा सल्लागार यांच्यासमोर मी सगळं सांगितलं. सल्लागार बाईंनी जुने मेसेज पुन्हा तपासले. म्हणाल्या, निवडणुकीनंतर लीनाला पकडलं असणार. तेव्हापासून आलेला एकही शब्द तिचा नाही. तिच्या तोंडून गुप्त पोलीस बोलतायत, आणि वर्गात बसतायत तेही तेच.

"आजच बंद करायला हवा," ॲलन म्हणाला.

"मग लीनाचं काय?"

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

"ॲलन, तिला त्या खुर्चीवर दर मंगळवारी आणून बसवतात, कारण ती नसेल तर मी वर्ग घेणार नाही. वर्ग आहे तोवर तिचा उपयोग आहे. बंद केला तर ती त्यांच्या काय कामाची?"

"आणि चालू ठेवला तर आपण हुकूमशहाच्या पोलिसांना प्रशिक्षण देतोय. लोकांच्या पैशाने. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

खूप वेळ चर्चा झाली. बाकीच्या गटांना सावध केलं गेलं. इथल्या सरकारला कळवलं, त्या देशातल्या ब्रिटिश वकिलातीतून लीनाची चौकशी करायचं ठरलं. तोवर थोडे आठवडे वर्ग चालू ठेवायचा. कुणाचं नाव नाही, लपण्या-लपवण्याची एकही युक्ती नाही, कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल त्यापलीकडे काही नाही. आणि काही कळलंय असं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.

मग मी त्यांना मतदान शिकवलं. अगदी पहिल्यापासून, मुलांना शिकवतात तसं.

ते मंगळवार मला अजून स्वप्नात दिसतात. मी लिपस्टिक लावून, हसतमुखाने बसायचे. समोर लीना, भोवती काळ्या चौकटी. प्रत्येक काळ्या चौकटीमागे एक माणूस टक लावून मला बघतोय हे मला ठाऊक. मी त्यांना नागपूरजवळच्या शाळेतलं केंद्र सांगितलं. सकाळी सगळ्यांसमोर पेटी उघडी करून तिच्या आत हात फिरवून दाखवायचा, मगच सील लावायचं. मी तो हात टेबलावर हवेत फिरवून दाखवला. आडोसा का लागतो, कागद का दुमडायचा, नजर गेलेल्या म्हाताऱ्याला मदत करताना त्याच्या मनाविरुद्ध शिक्का पडू नये म्हणून काय करायचं. माझ्या बोलण्याच्या फटींतून कीबोर्डची टकटक ऐकू यायची. सगळे लिहून घेत होते. आता कुणी एकटं बोललं तरी मला त्याच्यामागे बाकीच्यांचे श्वास ऐकू येत. की भास होता, सांगता येत नाही.

एका मंगळवारी सामी नावाच्या चौकटीतून प्रश्न आला. आवाज तरुण होता, थोडा जड.

"टीचर, कागद दुमडून पेटीत टाकला की नंतर कुणीच शोधू शकत नाही का, तो कुणाचा ते?"

मला खोटं सांगायचं नव्हतं. म्हटलं, "कागदावर क्रमांक असतो. माझ्या देशात मतपत्रिका होत्या तेव्हा असायचा, इथे ब्रिटनमध्येही असतो. पण त्याची नोंद सीलबंद ठेवतात. न्यायालयाच्या हुकमाशिवाय कुणी उघडू शकत नाही."

"आणि न्यायालय कुणाचं?"

टकटक थांबली. लीनाने पहिल्यांदाच कॅमेऱ्यावरून नजर काढून बाजूला पाहिलं.

मी म्हटलं, "बरोबर विचारलंस. नुसती पेटी पुरत नाही. न्यायालय कुणाचंच नसावं लागतं. म्हणून बाकीचं सगळं लागतं."

"मत देणारा पोलीस असला तरी? त्याचंही कुणी उघडू शकत नाही?"

"त्याचंही नाही."

मग तो अगदी हळू म्हणाला, "थँक यू." पूर्वीच्या कुठल्याही 'थँक यू'सारखं ते नव्हतं.

पुढच्या मंगळवारी सामीची चौकट नव्हती. मी विचारलं. लीना म्हणाली, "सामीला दुसरीकडे नोकरी लागली. तो आनंदात आहे." दुसऱ्या वाक्याच्या मध्येच, ओळ संपते तिथे, तिने श्वास घेतला.

त्यानंतर फार मंगळवार आले नाहीत. एक दिवस मी लिंक उघडली तेव्हा एकही काळी चौकट नव्हती. फक्त लीनाचा कॅमेरा चालू होता, आणि तिची खुर्ची रिकामी. मी पहिल्यांदा ती खुर्ची पूर्ण पाहिली. शाळेतल्या बाकासारखी, लाकडी. मी "लीना?" म्हणून हाक मारली. पुन्हा मारली. मागच्या पांढऱ्या भिंतीवर कुणाची तरी सावली आली, थांबली. मग बाजूने एक हात आला आणि त्याने सावकाश, जपून लॅपटॉपची स्क्रीन मिटली.

वकिलातीकडून काही कळलं नाही. लीना नावाची, किंवा तिच्या खऱ्या नावाची, कुणी व्यक्ती आमच्या ताब्यात नाही, असं तिथल्या सरकारचं उत्तर आलं. ॲलनने मला सुट्टी घ्यायला सांगितली. मी घेतली नाही. घरी बसले असते तर त्या टेबलासमोरच बसले असते.

पुढे त्या देशात पुन्हा निवडणूक झाली. ऑफिसात आम्ही तिथलं सरकारी चॅनेल पाहत होतो. अशा सरकारांची आता एक नवी रीत आहे. खऱ्या निरीक्षकांना येऊ देत नाहीत, स्वतःचेच तयार करतात. पांढरं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र, 'स्वतंत्र नागरिक निरीक्षक'. त्यांचा प्रवक्ता पत्रकारांशी बोलत होता. तरुण, नीटस, आवाज शांत.

"आम्ही सकाळी पेट्या तपासल्या," दुभाष्या इंग्रजीत सांगत होता, "प्रत्येक पेटी सगळ्यांसमोर उघडी केली, आणि आत हात फिरवून ती रिकामी असल्याची खात्री केली." हे म्हणताना त्या तरुणाने हात हवेत फिरवला. तळवा आत, बोटं जुळवलेली, डावीकडून उजवीकडे. शेवटी मनगटाला छोटासा हेलकावा.

तो हेलकावा माझा आहे. लहानपणी मनगट मोडलं होतं, तेव्हापासून माझा हात तसाच फिरतो.

तो पुढे बोलत राहिला. आडोसा, दुमडलेला कागद, नजर गेलेला म्हातारा. सगळं होतं, माझ्याच क्रमाने, माझ्याच शब्दांत. निवडणूक अत्यंत पारदर्शक झाली, असं त्याने सांगितलं. मला कुणी दुरून माझ्याच आवाजात हाक मारतंय असं वाटलं. ॲलनने टीव्ही बंद केला.

त्या वर्षअखेरीला मी निवृत्त झाले. मी सोडलं म्हणून काम थांबलं नाही, आणि थांबू नये असंच मला वाटतं. त्या पहिल्या निवडणुकीत लीनाच्या माणसांनी केलेली बेरीज खरी होती. ती अजूनही खरी आहे.

लीना सुटली त्यात माझा काही हात आहे का, मला माहीत नाही. दोन सरकारांमध्ये कसला तरी सौदा झाला आणि काही कैदी एका विमानात बसवून बाहेर पाठवले. त्यात तिचं नाव होतं. ॲलनने फोन करून सांगितलं तेव्हा मी भाजी चिरत होते, ती तशीच टाकून हीथ्रोला निघाले. अरायव्हल्सच्या दारातून ती आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं. केस पांढरे झाले होते. मी मिठी मारली तर ती लाकडासारखी ताठ उभी राहिली, मग तिने माझ्या पाठीवर हळूच थोपटलं, जणू काही मलाच धीर हवा होता.

तिला बेसिंगस्टोकला एक छोटं घर मिळालं. तिथून साउथहॅम्प्टनला ट्रेन सरळ येते. ती अधूनमधून यायची, जेवायची, फारसं बोलायची नाही. डॉक्टर तिच्यासाठी कमी तिखटाची डाळ करायचे. बरेच महिने गेल्यावर एका दुपारी, त्याच डायनिंग टेबलाशी, तिने आपण होऊन सुरुवात केली.

"टीचर, त्यांना माहीत होतं."

"काय?"

"तुम्हाला कळलंय ते. त्याच दिवशी. तुम्ही पाण्याचा ग्लास उचललात आणि न पिता खाली ठेवलात. त्यांचा साहेब कॅमेऱ्याच्या मागे उभा असायचा. तो म्हणाला, हिला कळलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण तो म्हणाला, चालू दे. आता ही आपल्याला नीट शिकवेल."

मी टेबलाची कड धरली. म्हणजे इतके आठवडे मी हसून त्यांना फसवत होते, ते गप्प बसून मला फसवत होते, आणि ते फसवणं दोन्हीकडून माहीत असलेली एकटी लीना मध्ये खुर्चीवर बसली होती.

"आणि तुझे प्रश्न?" मी विचारलं. "तेही ते लिहून द्यायचे?"

"पहिले ते द्यायचे. शेवटचे माझे असायचे." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "वर्ग चालू असेपर्यंत त्या खोलीत मला कुणी हात लावत नव्हतं. हीटर लावायचे. मला तास लांबवायचा असायचा."

मला आठवलं, ॲलनला रिपोर्ट पाठवायचा असायचा म्हणून मी घड्याळ बघून म्हणायचे, बाकीचं पुढच्या मंगळवारी. तिने माझ्या ताटात डाळ वाढली.

"सामीचं काय झालं?"

"नंतर मी त्याला पाहिलं नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "टीचर, मीही सगळं सांगितलं. पहिल्याच आठवड्यात. शिक्षकांची नावं, बस ड्रायव्हरचं, मुलींची. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं."

आमचे डॉक्टर उठले, त्यांनी किटली लावली आणि ते तिच्या शेजारी येऊन बसले. आम्ही तिघं अंधार पडेपर्यंत तशीच बसलो.

या मे महिन्यात आमच्याकडे कौन्सिलची निवडणूक होती. लीना त्या दिवशी आलेली होती. म्हणाली, मी येऊ का बघायला? तिला इथे मत नाही, पण बाहेर उभं राहायला कुणाची हरकत नव्हती. आमचं केंद्र कोपऱ्यावरच्या चर्चच्या हॉलमध्ये असतं. दारावर साधा पांढरा बोर्ड, पोलीस नाही, रांग नाही. एक माणूस कुत्र्याला कठड्याला बांधून आत गेला आणि लगेच बाहेर आला. लीना त्याच्याकडे बघत राहिली.

मी आत गेले, ओळखपत्र दाखवलं, दोरीला बांधलेल्या पेन्सिलने फुली मारली, कागद दुमडून पेटीत टाकला. बाहेर आले तर ती भिंतीला टेकून उभी होती, आणि मला पाहून तिला हसू आलं, ते जुनं, वाक्य पुरं व्हायच्या आधी येणारं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"टीचर, कुणाला दिलंत?"

हा प्रश्न इथे मला कुणी विचारत नाही. पण तिला सांगायला मला काही वाटलं नसतं, उलट आनंदच झाला असता. मी सांगायला तोंड उघडलं, आणि तिने पटकन पुढे होऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. हात गार होता. हसू गेलं होतं.

"नको," ती म्हणाली. "सांगू नका मला."

"अगं, इथे काय होणार आहे?"

"कुणी विचारलं तर मी सांगेन."

तिने हात काढला नाही. हॉलमधून एक म्हातारं जोडपं बाहेर आलं, आमच्याकडे बघून जरा थबकलं, गुड आफ्टरनून म्हणालं आणि निघून गेलं. आम्ही तशाच उभ्या होतो. मी मान हलवून कबूल केलं, की सांगणार नाही. मगच तिने हात काढला.